गोड शेवटाचें असत्य

मागील सत्रांत एका हुशार विद्यार्थ्यानें अमेरिकेंतील वर्णभेद अखेर ‘गाण्यांनीं मोडला’ असें उत्तर लिहिलें. चौकशी करतां या ज्ञानाचा उगम ‘हेअरस्प्रे’ या चित्रपटाच्या २००७ सालच्या पुनर्निर्मितींत सांपडला!

जॉन वॉटर्स यांचा मूळ चित्रपट १९८८ सालचा. २००२ सालीं तो ब्रॉडवेच्या रंगभूमीवर गेला व तेथून पुनः पडद्यावर आला. तिन्ही अवतारांचा शेवट एकच: बाल्टिमोरच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत गोरीं व कृष्णवर्णीय मुलें एकत्र नाचतात, आणि अन्यायाचा पराभव होतो.

हें घडलें नाहीं. ज्या ‘बडी डीन शो’वरून ही कथा रचली, तेथें कृष्णवर्णीय मुलांस गोऱ्यांबरोबर नाचण्यास मज्जाव होता, त्यांच्यासाठीं वेगळे दिवस राखलेले असत. रॉक अँड रोलचा ताल कृष्णवर्णीयांच्या संगीतांतून आलेला, नाचण्याची जागा मात्र गोऱ्यांची! ऑगस्ट १९६३ मध्यें कांहीं तरुणांनीं ही मर्यादा अचानक मोडली. परिणाम काय झाला? जानेवारी १९६४ मध्यें कार्यक्रमच बंद पडला. एकत्र नाचण्यापेक्षां नाचच नको, हा खरा शेवट.

कोणी म्हणेल, करमणुकीवर इतिहासाचें ओझें कशाला? करमणूक सुखान्त असावी, याविषयीं आमची तक्रार नाहीं. वॉटर्स यांच्या चित्रपटांत थट्टेची धार तरी होती. पुनर्निर्मितींत साखरच अधिक. पण खोटा जय वारंवार दाखविला, कीं प्रेक्षक निश्चिंत होतो. वर्णभेद म्हणजे चार मूर्खांचा हट्ट, अशी त्याची समजूत होते. त्यामागील शाळा, कचेऱ्या व सत्ता त्याला दिसतच नाहींत.

त्यानें मेल्बा पॅटिलो बील्स यांचें १९९४ सालचें ‘वॉरिअर्स डोंट क्राय’ वाचावें. १९५७ सालीं लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्यें गेलेल्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकीं त्या एक. वर्गापर्यंत पोंचण्यास सैनिकांचा पहारा लागला. आणि पुढल्याच वर्षीं राज्यपालांनीं शहरांतील सरकारी हायस्कुलें बंद केलीं. येथेंही तीच रीत: दार उघडण्यापेक्षां घरालाच कुलूप.

आठवणी लिहिणाऱ्यास शेवट बदलण्याची मुभा नसते. हेंच त्या लेखनाचें मोल. म्हणून पुढील पुनर्निर्मिती करणाऱ्यास एवढीच विनंती, कीं गाणीं सारीं ठेवावींत. शेवटीं मात्र रिकामें नृत्यगृह दाखवावें.