हॉटेलचे अंगण आणि वरच्या मजल्याची खिडकी

पालघरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर हॉटेल आहे. दोन वर्षांपूर्वी मालकाने इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत चार टेबले मांडली. पुढे तिथे तंदूर भट्टी आली, मग पावसाचे निमित्त होऊन पत्र्याची शेड आली. या भगिनींच्या सासूबाईंना दमा आहे. संध्याकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत घराच्या त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. तक्रार केली की उत्तर ठरलेले, "जागा खाजगी आहे, आम्ही काही रस्त्यावर बसलेलो नाही." हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा की वकिलांना, असे त्यांनी विचारले आहे.

दोघांनाही विचारायला हवा. प्रथम एक गोष्ट सांगून टाकतो. उघड्यावर बसून खाण्याला माझा विरोध नाही, उलट मी त्याच्या बाजूचा आहे. २०२० च्या करोनाच्या साथीत न्यूयॉर्कसारख्या शहरांनी हॉटेलांची टेबले मुद्दाम बाहेर काढायला लावली, कारण मोकळ्या हवेत खोकल्या-शिंकल्यातून उडणारे जंतू चटकन विरळ होतात. क्षय, फ्लू यांनाही हेच लागू आहे. आपल्याकडे 'फॅमिली रूम' म्हणून ज्या बिनखिडकीच्या वातानुकूलित खोल्या असतात, त्यांच्यापेक्षा मनोर किंवा मस्तान नाक्याकडच्या ढाब्यावर झाडाखाली टाकलेली खाट आरोग्याच्या दृष्टीने केव्हाही बरी. केळव्याला नारळीच्या वाडीत पान मांडून जेवताना कोणाच्या घरात धूर जात नाही. अडचण सुरू होते ती तेच अंगण दोन इमारतींमधल्या आठ-दहा फुटांच्या बोळात आणल्यावर.

त्या बोळाला नियमांच्या भाषेत सामासिक अंतर म्हणतात. बांधकामाचा नकाशा मंजूर होतो तोच ही जागा मोकळी ठेवण्याच्या अटीवर. उजेड यावा, वारा खेळावा, आग लागली तर बंबाला आणि माणसांना वाट मिळावी, यासाठी ती असते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने मुंबई, औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे आणि आणखी काही भाग वगळून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू केली, तिच्यातही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे जागा खाजगी असली तरी तिच्यावर काय करायचे हे मालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. शिवाय गृहनिर्माण संस्थेच्या आवारात 'जागा आमची' म्हणणारा बहुधा फक्त गाळ्याचा मालक असतो, आवार सर्व सभासदांचे असते. दहिसरच्या पांचाली गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इमारतीतली वाहने लावण्याची मोकळी जागा बिल्डरला वेगळी काढून विकता येत नाही. जे बिल्डरला विकता येत नाही ते हॉटेलवाल्याला परस्पर वापरता कसे येईल?

आता माझ्या विषयाकडे येतो. या पट्टीत जमिनीखाली काय असते, याचा विचार गिऱ्हाईक करत नाही आणि मालकही क्वचितच करतो. पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी बहुतेक इमारतींत इथेच असते. सेप्टिक टाकी आणि सांडपाण्याचे चेंबरही इथेच. टेबले आली की फरशी धुणे आले, भांडी विसळणे आले, खरकट्याची पिंपे आली. टाकीचे झाकण जमिनीच्या पातळीला असेल आणि घट्ट बसत नसेल, तर हे पाणी कुठे जाते हे सांगायला नको. त्यातून कावीळ, विषमज्वर, हगवण. यातली कावीळ फार फसवी. जंतू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत साधारण दोन ते सात आठवडे जातात. 'अ' प्रकारच्या काविळीची ही गोष्ट झाली, 'ई' प्रकारात त्याहूनही जास्त लागू शकतात. इतक्या दिवसांनी आजारी पडलेला माणूस उसाच्या रसाला किंवा लग्नातल्या जेवणाला दोष देतो, खालच्या टाकीच्या झाकणाकडे कोणी बघत नाही. आणि हे पाणी हॉटेलवाला एकटा पीत नाही, इमारतीतली सगळी बिऱ्हाडे पितात.

शोभेच्या कुंड्यांखालच्या ताटल्या, शेडच्या पन्हळीत साचलेले पाणी, ताडपत्रीचा खोलगट भाग, या डेंग्यूच्या डासाच्या आवडीच्या जागा. अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा हे सगळे कोरडे करायला हवे.

धुराचे म्हणाल तर कोळशाच्या भट्टीतून सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. आत स्वयंपाकघरात भट्टी असली तर धुराडे गच्चीच्या वर नेता येते. बोळात ठेवलेल्या भट्टीचा धूर दोन भिंतींमधून सरळ पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर चढतो. दम्याच्या रोग्याला त्रास व्हायला एवढे पुष्कळ झाले. आणि भट्टीसमोर रोज आठ-दहा तास उभा राहणारा कारागीर? त्याच्या खोकल्याची तक्रार कोणत्याही अर्जात नसते. पावसात तीन बाजूंनी ताडपत्री सोडली की मोकळी हवाही उरत नाही, ती एक बंद खोलीच होते, फक्त भिंती पेटणाऱ्या असतात. मुंबईत कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ माणसे गेली. तिथेही गच्चीवर पेट घेणारे छप्पर होते. त्यानंतर २०१८ मध्ये राज्यात हुक्का पार्लरांवर बंदी आली, ते योग्यच झाले, पण छपरे आपल्या गावांत तशीच आहेत.

आणखी एक गैरसमज काढून टाकतो. 'बाहेर बसलोय, सिगारेट ओढायला काय हरकत?' हरकत आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत आणि त्यांत हॉटेल या शब्दाच्या व्याख्येतच हॉटेलभोवतीची मोकळी जागा धरली आहे. अंगणातल्या टेबलावर ॲशट्रे ठेवणारा मालकही जबाबदार ठरतो. ध्वनिक्षेपकाचेही तसेच. रात्री दहानंतर उघड्यावर तो लावता येत नाही आणि निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ही मर्यादा गाण्याने तर मोडतेच, पण भरल्या टेबलांवरच्या गप्पांनीही मोडते.

बोईसरची गोष्ट थोडी वेगळी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा प्रदूषण निर्देशांक सर्वांत वर होता, ९३.६९. अशा गावी 'मोकळ्या हवेत जेवा' अशी पाटी वाचून हसावे की रडावे कळत नाही. त्यात टेबले इमारतीच्या पुढच्या बाजूला, म्हणजे मालमोटारींच्या रस्त्याला लागून. चिल्हार रस्त्याला रांगेत उभ्या गाड्या इंजिन चालू ठेवून थांबतात आणि दोन हातांवर लहान मूल आइस्क्रीम खात असते. अशा जागी मी तरी मागच्या अंगणात बसेन, नाहीतर सरळ आत.

मग करायचे काय? अधूनमधून जेसीबी आणून शेड पाडायची आणि पंधरा दिवसांनी ती पुन्हा उभी राहू द्यायची, हा खेळ मला पसंत नाही. त्यात वेटर पोरांचा रोजगार बुडतो आणि शेजाऱ्याचा दमा तिथेच राहतो. त्यापेक्षा अंगणाला वर्षाची रीतसर परवानगी द्यावी. नकाशावर टेबलांची जागा आखून द्यावी, बंबाची वाट आणि पाण्याच्या टाकीभोवतीची जागा सोडून. संस्थेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव जोडल्याशिवाय अर्ज घेऊ नये. भट्टी व गॅसची सिलिंडरे बाहेर नकोत. टाकीचे झाकण जमिनीपासून हातभर वर उचललेले आणि कुलूपबंद असावे. अडचण एवढीच की पालघरला नगरपरिषद, औद्योगिक वसाहतीत महामंडळ आणि आजूबाजूच्या गावांत ग्रामपंचायत, म्हणजे एकाच रस्त्यावर तीन कारभारी. जिल्हाधिकारी कार्यालयाने तिघांना एकच अर्जाचा नमुना आणि एकच अटींची यादी ठरवून दिली तर मालकांचाही गोंधळ कमी होईल.

आणि पावसाळी शेडच्या परवानगीवर शेड उभी करण्याच्या तारखेबरोबर ती उतरवण्याची तारीखही लिहावी. दसऱ्याच्या आत.