गल्ल्याने दिलेला निकाल

चित्रपट पडला की त्यातली कलाही पडली, असे मानण्याची खोड हिंदी चित्रपटांच्या इतिहासलेखनाला फार जुनी आहे. सोहराब मोदी यांचा ‘झाँसी की रानी’ (१९५३) हा या खोडीचा एक ठळक बळी. अफाट खर्च, तिकीटबारीवर दारुण अपयश, मिनर्व्हा मूव्हीटोनला बसलेला फटका. एवढ्यात त्याची वासलात लावली जाते. पडद्यावर काय होते, हा प्रश्न विचारण्याचे कष्ट मात्र क्वचितच घेतले जातात.

या विस्मृतीला एक योगायोगही कारणीभूत आहे. या देशातील चित्रपट-पुरस्कारांच्या दोन्ही प्रमुख परंपरा १९५४ साली सुरू झाल्या, म्हणजे हा चित्रपट अगदी उंबरठ्यावर उभा होता. मार्चमध्ये फिल्मफेअरने पहिली पारितोषिके दिली. ती पाचच होती: चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीतकार. ‘दो बीघा ज़मीन’ आणि बिमल रॉय यांचा गौरव झाला, तो यथोचितच होता. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले, त्याविषयी कोणत्याही मराठी माणसाच्या मनात किंतू असण्याचे कारण नाही. आक्षेप पुरस्कार मिळालेल्यांवर नाही, पुरस्कारांच्या मापावर आहे. छायालेखन, कलादिग्दर्शन, वेशभूषा यांना त्या पाचांत जागाच नव्हती. राष्ट्रीय पुरस्कारांत छायालेखकाचा स्वतंत्र सन्मान सुरू झाला तो १९६७ च्या चित्रपटांपासून. ज्या गुणांवर ‘झाँसी की रानी’ उभा होता ते मोजणारा काटाच परीक्षकांच्या हाती नव्हता. आणि मोजले गेले नाही ते नव्हतेच, असा अर्थ पुढे रूढ झाला.

ते गुण कोणते? ज्याँ रन्वार यांचा ‘द रिव्हर’ (१९५१) बंगालमध्ये टेक्निकलरमध्ये चित्रित झाला होता, पण ती परकी निर्मिती. मेहबूब खान यांचा ‘आन’ (१९५२) सोळा मिलिमीटरच्या फितीवर चित्रित होऊन मग टेक्निकलरमध्ये छापला गेला. भारतीय निर्मात्याने थेट टेक्निकलरमध्ये चित्रित करण्याचे धाडस केले ते मोदींनी. त्यासाठी त्यांनी अर्नेस्ट हॅलर यांना पाचारण केले. ‘गॉन विथ द विंड’च्या छायालेखनासाठी ऑस्कर मिळवणाऱ्यांपैकी हे एक. पुढे १९६२ आणि १९६३ च्या चित्रपटांसाठी हॉलिवूडने हॅलर यांना पुन्हा नामांकने दिली. झाशीचा किल्ला, दरबार आणि रणांगण रंगांत उभे करणारी त्यांची कामगिरी मात्र ना तिकडे कोणाच्या हिशेबात आली, ना इकडे. इंग्रजी आवृत्ती ‘द टायगर अँड द फ्लेम’ १९५६ मध्ये निघाली, पण तिनेही चित्रपटाचे दैव पालटले नाही.

रंगांचा हा अट्टहास म्हणजे श्रीमंतीचे प्रदर्शन, असे म्हणणाऱ्यांनी झाशीतल्या राणीमहालाच्या दरबार दालनात एकदा उभे राहावे. तिथल्या भिंतींवरची आणि छतावरची रंगीत नक्षी पाहिली, की या राणीची कथा काळ्या-पांढऱ्यात सांगणे हीच तडजोड ठरली असती, हे ध्यानात येते.

चित्रपट निर्दोष होता असे नव्हे. संवादांत पारशी रंगभूमीची शब्दफेक आहे, आणि मेहताब राणीच्या वयाहून बऱ्याच मोठ्या दिसतात. त्याहून मोठे उणे मराठी वाचकाला जाणवेल. गोडसे भटजी १८५८ च्या वेढ्यात झाशीतच होते. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये शहराची लूट आहे, कत्तल आहे, ग्रंथसंग्रहाच्या नाशाची हळहळ आहे. ती होरपळ मोदींच्या भव्यतेत नाही. पण दोष असलेल्या कृतीतील एखाद्या अंगाचा सन्मान होऊ नये, असा दंडक कुठे आहे? पुरस्कारांत निरनिराळे विभाग करायचे ते याचसाठी ना?

मराठी समीक्षेने तरी याची दखल घ्यायला हवी होती. मोरोपंत तांब्यांच्या या मुलीची कथा एका पारशी निर्मात्याने सर्वस्व पणाला लावून मांडली, आणि तिला संगीत दिले वसंत देसाई यांनी. ‘श्यामची आई’चे संगीतही त्यांचेच. त्या वर्षीच्या दोन चित्रपटांपैकी एकाचे श्रेय मराठी मनाने छातीशी धरले, दुसऱ्याचे बिनबोभाट विसरले.

मोदींविषयी परीक्षकांना आकस होता असेही म्हणता येत नाही. पुढच्याच वर्षीचे सुवर्णपदक त्यांच्या ‘मिर्झा गालिब’ला मिळाले, आणि १९७९ चा फाळके पुरस्कारही त्यांच्या वाट्याला आला. माणसाची भरपाई झाली, चित्रपटाची राहिली. वर दुर्दैव असे, की हिंदी आवृत्तीच्या ज्या प्रती पुढच्या पिढ्यांसमोर फिरल्या त्या बहुतेक कृष्णधवल. ज्याचे सारे कर्तृत्व रंगांत होते, त्याची परीक्षा रंग काढून घेऊन झाली. उशिराच्या गौरवपत्रांनी आता काही साधणार नाही. इंग्रजी आवृत्तीच्या रंगांवरून हिंदी आवृत्ती सावरता येत असेल, तर सरकारी चित्रपट संग्रहालयाने ते काम हाती घ्यावे, आणि तिचा पहिला खेळ मुंबई-दिल्लीच्या निमंत्रितांसाठी न ठेवता झाशीत, किल्ल्याच्या पायथ्याशी, विनातिकीट लावावा.