लिव्हर कॅन्सरवर रेडिएशन सुरू आणि हिपॅटायटीस बी पुन्हा जागा! असं का होतं, कसं टाळायचं?

लिव्हर कॅन्सरच्या रुग्णाचं रेडिएशन पूर्ण होतं. काही आठवड्यांनी डोळे पिवळे दिसू लागतात, भूक मरते, रक्तातलं बिलिरुबिन वाढतं. घरच्यांना वाटतं, कॅन्सर वाढला किंवा रेडिएशन सोसलं नाही. पण तिसरीही एक शक्यता असते. ती म्हणजे, वर्षानुवर्षं शरीरात गप्प बसलेला हिपॅटायटीस बीचा विषाणू पुन्हा सक्रिय होणं.

विषाणू जातो कुठे?

कुठेच जात नाही. तो लिव्हरच्या पेशींच्या केंद्रकात आपल्या डीएनएची प्रत ठेवून देतो. सध्याची औषधं विषाणूची वाढ रोखतात, ही प्रत पुसत नाहीत. म्हणूनच काहीही त्रास नसलेल्या माणसातही धोका शिल्लक असतो.

रेडिएशनमुळे नेमकं काय होतं?

केमोथेरपीने प्रतिकारशक्ती घटते आणि विषाणू उसळी मारतो, हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. रेडिएशन तर ठरावीक जागीच दिलं जातं. मग तिथे काय होतं? तैवानच्या संशोधकांनी २००७ मध्ये त्याचं एक कारण दाखवलं. रेडिएशनचा मारा झालेल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी इंटरल्युकिन-६ हा घटक सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या पेशींमधल्या विषाणूची वाढ जोर धरते.

त्याच वर्षी दक्षिण कोरियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रेडिएशनआधी विषाणूविरोधी औषध सुरू केलेल्या रुग्णांपैकी एकातही विषाणू पुन्हा जागा झाला नाही. औषध न घेतलेल्यांमध्ये साधारण पाचातल्या एका रुग्णात तो झाला. अभ्यास छोटा होता, पण दिशा स्पष्ट होती.

भारतात हा प्रश्न मोठा का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये भारतात जवळपास ३ कोटी लोकांना हिपॅटायटीस बी होता. जगभरात अशा रुग्णांपैकी फक्त १३ टक्के लोकांचं निदान झालं होतं. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ही लस देशभर पोहोचली ती २०११ च्या सुमारास. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेलीच नाही.

मग करायचं काय?

उपचार सुरू होण्याआधी रक्ताच्या दोन तपासण्या महत्त्वाच्या: एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी. पहिली सध्याचा संसर्ग सांगते, दुसरी पूर्वी होऊन गेलेला. संसर्ग आढळला तर विषाणूचं प्रमाण मोजून टेनोफोव्हिर किंवा एंटेकाव्हिरसारख्या गोळ्या सुरू करता येतात. २०१८ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

सर्वात मोठी चूक म्हणजे बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनाने बंद करणं. रेडिएशन संपल्यावरही विषाणू डोकं वर काढू शकतो. गोळ्या कधी थांबवायच्या, की थांबवायच्याच नाहीत, हे डॉक्टरच ठरवतील.

विषाणू जागा झाला तर लिव्हर निकामी होऊ शकतं आणि कॅन्सरचे पुढचे उपचारही अडतात. म्हणून घरात कुणाचं रेडिएशन ठरलं असेल, तर पहिल्या भेटीतच डॉक्टरांना विचारा: "हिपॅटायटीस बीची तपासणी झाली आहे का?"