चिंधी म्हणा, बिनधास्त!

बर्थडे गिफ्ट पेपरच्या रद्दीत गुंडाळून नेलं की ग्रुपमधून हमखास कमेंट येते, ‘काय चिंधीगिरी आहे यार!’ मग आपण निमूट दुकानातून चकचकीत पेपर आणतो. तो दहा सेकंदांत टराटरा फाटतो आणि थेट कचऱ्यात. रद्दीवालाही त्याला हात लावत नाही. कारण तो बरेचदा कागद नसतोच. चंदेरी मुलामा दिलेलं प्लॅस्टिक असतं. खात्री करायचीय? मुठीत चुरगाळून सोडा. तसाच राहिला तर कागद, पुन्हा उलगडला तर प्लॅस्टिक.

आता चिंधीचं ऐका. १९४० साली सुरू झालेल्या पुण्याच्या हातकागद संस्थेत कापडाच्या चिंध्यांचा लगदा करून देखणा कागद बनतो. तो महाग वाटला तर घरातलं जुनं कॅलेंडर काढा. मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या महिन्याचं पान घ्या आणि ती तारीख बरोबर वर येईल असं गुंडाळा. सेलोटेप नको, वाण्याच्या पुडीसारखा दोरा बांधा. रिबन म्हणून विरलेल्या साडीचा काठ (आईला विचारून!) किंवा मिठाईच्या बॉक्सची रिबन चालेल.

पैसे वाचतात, ते आहेच. पण विकतचा पेपर कुणाच्याही गिफ्टला चालतो. हे पान फक्त तिचंच असतं. त्यामुळे कुणी ‘चिंधी’ म्हणालंच, तर खुशाल म्हणू द्या. ती तो काठ अलगद सोडवून जपून ठेवते का, तेवढं बघा.