गाडी थांबली गर्दीमुळे, मग दिवे का विझले?



विरार, नालासोपाऱ्याहून बीकेसीत कामाला जाणारा आपला माणूस आता जमिनीखालूनही प्रवास करतो. लोकलने अंधेरी, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि पुढे मेट्रो ३. हाऊसकीपिंगची पोरं, सिक्युरिटी गार्ड, बारा तासांची ड्युटी करणाऱ्या मुली. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा मार्ग पूर्ण सुरू आहे आणि त्यातली २७ पैकी २६ स्टेशनं भुयारी आहेत. मेट्रोला आपला विरोध नाही. प्रश्न एवढाच आहे की बोगद्यात वीज गेली तर डब्यात उजेड किती वेळ टिकेल? रोज त्या डब्यात उभे राहणाऱ्या किती जणांना हे कोणी सांगितलं आहे?

गाडीला वीज बाहेरून मिळते. ती तुटली की मोटर थांबते, एसी बंद पडतो. मग उरतात डब्यातल्या बॅटऱ्या. मोजके दिवे आणि सूचना देणारा भोंगा त्यांच्यावरच चालतो. बॅटरी जुनी होते, तिची ताकद घटते, म्हणून ती वेळोवेळी तपासावी लागते. जुन्या लोकलमध्ये दिवे गेले तरी खिडकी उघडी, दार उघडं. बंद दाराच्या डब्यात मात्र बॅटरी हाच जीव.

‘मुंबईत वीज जात नाही’ असं कोणी म्हणालं, तर त्याला १२ ऑक्टोबर २०२० ची आठवण द्या. त्या सकाळी ग्रिड कोसळलं आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. कोरोनाचा काळ होता, लोकलमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांना प्रवेश होता. म्हणजे नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार. अडकले ते कोण, हे वेगळं सांगायला नको.

आता १९ ऑगस्ट २०२५ ची संध्याकाळ आठवा. मुसळधार पावसाने हार्बर लोकल बंद होती. लोक मिळेल त्या गाडीत चढले. चेंबूरजवळ म्हैसूर कॉलनीपाशी मोनोरेल उंचावर बंद पडली. दिवे गेले, एसी गेला, श्वास कोंडला, असं आत अडकलेल्यांनी सांगितलं. अग्निशमन दलाने ५८२ जणांना खाली उतरवलं. प्रशासनाचा खुलासा असा की क्षमता १०४ टनांची, वजन झालं १०९ टन, त्यामुळे वीज घेणारा जोड सुटला.

खुलासा क्षणभर खरा धरू. गर्दीमुळे गाडी थांबली. पण आणीबाणीचे दिवे आणि हवा यांची सोय करतात ती मुळात वीज तुटेल त्याच घटकेसाठी. तिथे गर्दीचा काय संबंध? एका प्रश्नाचं उत्तर देऊन दुसरा प्रश्न गिळून टाकायचा, ही व्यवस्थेची जुनी चलाखी आहे. आणि खापर फोडायला गर्दी कायम हाताशी असते, कारण गर्दीला नाव नसतं.

मोनोरेल निदान उघड्यावर होती, शिडी लावता आली. बोगद्यात काय करणार? दक्षिण कोरियातल्या डेगू शहरात १८ फेब्रुवारी २००३ रोजी भुयारी मेट्रोला आग लागली. वीज गेली. एका गाडीचा चालक मास्टर की घेऊन निघून गेला आणि दारं बंद राहिली. १९२ माणसं मेली. धूर, अंधार आणि बंद दार एकत्र आले की एवढा संहार होतो.

काही जण म्हणतील, प्रत्येकाच्या मोबाईलला टॉर्च आहे ना? बुद्धाने स्वयंदीप व्हायला सांगितलं ते विचारांनी. सरकारची बॅटरी सरकारनेच चार्ज करायची असते.

विजेशी आपलं नातं उपकाराचं नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषयही त्यांच्याच खात्यात होता. २५ ऑक्टोबर १९४३ च्या भाषणात त्यांनी विजेचा प्रश्न थेट गरिबीच्या प्रश्नाशी जोडला. स्वस्त आणि मुबलक वीज सामान्य माणसापर्यंत पोहोचावी, ही त्यांची भूमिका होती. त्या वीजधोरणाचा पाया घालणाऱ्याच्या लेकरांनी बंद डब्यात अंधारात गुदमरायचं?

म्हणून वसई-विरारमधल्या प्रत्येक विहाराने, प्रत्येक अभ्यासवर्गाने माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकावा. वीज गेल्यावर दिवे आणि हवा किती मिनिटं टिकतात? बॅटऱ्यांची शेवटची चाचणी कधी झाली, निकाल काय? बोगद्यातून माणसं बाहेर काढण्याचा सराव कधी झाला? व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला कोण उतरवणार? आणि ही माहिती प्रत्येक डब्यात ठळक मराठीत लावावी, हीही मागणी करा.

६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेली आपली माणसं आता दादरच्या भुयारी स्टेशनावरही उतरणार. त्या दिवशी काही घडलं, तर ‘गर्दी फार होती’ हे वाक्य तयारच असेल. ते ऐकायची वेळ येण्याआधी अर्ज टाका.

जय भीम! जय संविधान!