क्रिएटिनीन ‘नॉर्मल’ आहे, म्हणून गाफील राहू नका!

बाबासाहेबांना मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत या आजाराने त्यांचे शरीर पोखरले. ६ डिसेंबरला आपण त्यांना अभिवादन करतो. पण तोच आजार असलेल्या आपल्या आईवडिलांचा रिपोर्ट कधी वाचतो काय?

अकोले तालुक्यातील राजूरसारख्या आदिवासी पट्ट्यात रिपोर्ट हाती पडतो तो इंग्रजीत. क्रिएटिनीन ‘नॉर्मल’ एवढे ऐकून माणूस घरी जातो. घात होतो तो इथेच! किडनीचे जवळपास निम्मे काम मंदावेपर्यंत क्रिएटिनीन मर्यादेत राहू शकते. म्हणून त्यावरून वय व लिंग धरून काढलेला ईजीएफआर पाहावा. तो तीन महिने ६० च्या खाली राहिला, तर तो किडनीचा जुनाट आजार. त्याहीआधी इशारा देते ती लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनीन प्रमाणाची तपासणी. हे प्रमाण ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवे. तापातही ते वाढते. तेव्हा एका रिपोर्टने घाबरू नये, तपासणी पुन्हा करावी. वेळीच कळले तर साखर, रक्तदाब आटोक्यात ठेवून व योग्य औषधांनी डायलिसिस टाळता किंवा लांबवता येते.

केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे. पण आठवड्यातून दोन-तीनदा मजुरी बुडवून डायलिसिसला जाणे गरिबाला परवडेल काय? म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : प्रत्येक मधुमेहीची ही लघवी तपासणी वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात मोफत व्हावी आणि रिपोर्ट त्याला मराठीत समजावून सांगावा. तो उपकार नव्हे, हक्क आहे.

‘शिका’ म्हणजे आपल्या देहाचा हिशेबही वाचायला शिका!