जांभळाचे मोती, बदलापूरचे मोल

बदलापूरच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एका रानमेव्याचा हा सन्मान असला, तरी त्यामुळे उत्पादकाची मूळ अडचण दूर झालेली नाही. हे फळ वर्षातून जेमतेम काही आठवडे हाती येते आणि झाडावरून उतरविल्यावर दोन-तीन दिवसांतच खराब होऊ लागते. त्यामुळे नावाला मिळालेले मोल फळ विकणाऱ्याच्या पदरात पडायचे, तर प्रक्रियेला पर्याय नाही. सरबत आणि गर हे जुने मार्ग झाले. रसाचे मोती हा नवा मार्ग आता विचारात घेण्याजोगा आहे.

दातांखाली फुटून तोंडात रस सोडणाऱ्या या गोळ्यांचे तंत्र १९४२ मधील एका ब्रिटिश पेटंटइतके जुने आहे. स्पेनमधील 'एल बुली' उपाहारगृहाच्या फेरान आद्रिया यांनी २००३ मध्ये ते पंचतारांकित ताटात आणले. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'मसाला लायब्ररी'ने जिलबीचेही असेच मोती करून दाखविले. शीतपेयांतील 'पॉपिंग बोबा' हा त्याचाच बाजारी अवतार होय.

यामागील रसायन सोपे आहे. तपकिरी समुद्रशेवाळापासून मिळणारे सोडियम अल्जिनेट लिटरभर रसात सुमारे पाच ग्रॅम मिसळायचे आणि त्याचे थेंब कॅल्शियमच्या द्रावणात सोडायचे. क्षणात थेंबाभोवती पातळ पापुद्रा धरतो. मात्र कॅल्शियम आत झिरपतच राहते आणि काही वेळाने मोती आतपर्यंत घट्ट होतो. शिवाय जांभळासारख्या आंबट रसात अल्जिनेट नीट विरघळत नाही. म्हणून विक्रीसाठी उलटी पद्धत सोयीची ठरते: कॅल्शियम लॅक्टेट रसात आणि अल्जिनेट बाहेरच्या द्रावणात. मोती पाण्यात धुतले की पापुद्र्याची वाढ थांबते. तथापि पापुद्रा म्हणजे संरक्षक नव्हे. रस योग्य तापमानाला तापविणे आणि माल थंड ठेवणे यांतून सुटका नाही.

या उद्योगाला लागणारे बरेचसे बळ याच पट्ट्यात आहे. बदलापुरात फळ आहे, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे ज्ञान आहे, तर फाळणीनंतर निर्वासितांनी उभ्या केलेल्या उल्हासनगरात लघुउद्योगाची हातोटी आणि घाऊक बाजार आहे. परंतु सावधगिरीही येथूनच सुरू व्हावयास हवी. कॅल्शियम क्लोराइड कारखान्यांतही वापरले जाते. स्वस्त म्हणून औद्योगिक प्रतीचा माल खाद्यपदार्थात गेला, तर एका चुकीने साऱ्या पट्ट्याचे नाव खराब होईल.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. मानांकन फळाला आहे, मोत्यांना नाही. जांभळा रंग आणि कृत्रिम स्वाद यांतूनही हुबेहूब मोती होतात. तसे झाल्यास नाव बदलापूरचे आणि नफा इतरांचा, अशी स्थिती येईल. शहर वाढते तशी झाडांखालची जमीन घरांसाठी मोलाची ठरते. झाडापेक्षा भूखंड महाग झाला की झाड टिकत नाही. तेव्हा मोत्यांत किती टक्के रस आहे आणि तो कोणाच्या झाडाचा आहे, हे वेष्टनावर ठळकपणे छापले गेले पाहिजे. त्या रसाचा भाव झाडाच्या मालकापर्यंत आणि फळे गोळा करणाऱ्या हातांपर्यंत पोहोचला, तरच या तंत्राला बदलापूरचे म्हणता येईल.